घरात घुसली कॅनन पिन!

ऐकलंत का? अजून कानावर आलं नसेल, तर तुम्ही बहुधा वऱ्हाडाबाहेर राहता. इकडे बडनेऱ्याच्या फलाटावर, मूर्तिजापूरच्या चहाच्या टपरीवर आणि अकोल्यातल्या झाडून सगळ्या पंगतींत हाच विषय आहे. चांगल्या घरची माणसं, कापसाच्या भावावर आणि जावयाच्या बदलीवर तासन्‌तास बोलणारी, आता दुसऱ्याच्या घरी गेली की चहा यायच्या आत ॲम्प्लिफायरच्या मागे डोकं घालतात! पुढून कुणी बघतच नाही. मागे कोणती पिन लावली आहे, त्यावरून त्या घराची पायरी ठरते. लाल-पांढरी दिसली की नाकातून एक बारीक ‘हं’ निघतो. तीन पिनांची गोल कॅनन दिसली की, ‘वा वा, तुमच्याकडे बॅलन्स्ड आहे तर!’ आणि यजमान चक्क लाजतात. साठी उलटलेले यजमान!

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरलं गेलं, गिनीजमध्ये नोंद झाली, केवढं कौतुक झालं. ही वायरींची साथ त्याच रस्त्याने आली म्हणतात, आणि तिने तेवढेही तास घेतले नाहीत.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणजे जे अजून सुखी आहेत, त्यांच्यासाठी सांगून टाकू. सीडी प्लेअर, डॅक (डिजिटल गाण्याचा तारेतला सिग्नल करणारी डबी), टीव्ही यांतून निघालेला आवाजाचा सिग्नल ॲम्प्लिफायरपर्यंत न्यायला वायर लागते. ती दोन जातींची. एक आपली जुनी आरसीए. मध्ये खिळा, भोवती कडं. दुकानात हिला कुणी ‘एव्ही पिन’ म्हणतं, कुणी नुसतं ‘लाल-पांढरी’. आत सिग्नलची एक तार आणि तिच्याभोवती जाळी. ही जाळीच सिग्नलचा परतीचा रस्ता आणि तीच त्याचं पांघरूण. ही अनबॅलन्स्ड. दुसरी एक्सएलआर, जिला साउंडवाले ‘कॅनन’ म्हणतात. तीन पिना, वर कडी, लावताना ‘टक्’ असा आवाज. आत सिग्नलच्या दोन तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या, आणि जाळी वेगळी. ही बॅलन्स्ड. एवढंच. या एवढ्यावरून अकोल्याच्या जठारपेठेतले दोन सख्खे भाऊ दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत, अशी कुणकुण आहे. खरं-खोटं राजराजेश्वराला ठाऊक. आम्ही आपलं ऐकलं ते सांगतो.

गट तर केव्हाच पडलेत. अमरावतीकरांचं म्हणणं असं की अकोल्याची माणसं व्यापारी, ती वायरसुद्धा वजनावर घेतात. अकोलेकर म्हणतात, अमरावतीकर आधी वायर घेतात आणि मग तिच्यावर परिसंवाद ठेवतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, हे आम्ही तिसऱ्याच गावात बसून म्हणू शकतो. घरच्या आघाडीवरची बातमी मात्र दोन्हीकडे एकच. परवा एका हळदीकुंकवात एक काकू पदर सावरत सांगत होत्या, ‘ह्यायले काय झालं तं देव जाने बाई! सांबार आनाले पाठवलं, तं वायर घेऊन आले. अन् म्हणतेत कसे, ही तीन पिनची हाय, हिच्यात आवाज निर्मळ येते. मी म्हटलं, भाजीत काय टाकू मंग, तिसरी पिन?’ (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) सगळ्या बायका हसल्या. हसता हसता दोघी-तिघी गप्प झाल्या. त्यांच्याही घरी कुरिअर येऊन गेलं होतं.

पण लोक बह्याड झाले म्हणून विद्या खोटी ठरत नाही. बाजार समितीत कापसाची गाडी काट्यावर जाते, तेव्हा काय होतं? भरली गाडी तोलतात, कापूस खाली करून रिकामी गाडी तोलतात, आणि दुसरं वजन पहिल्यातून वजा करतात. गाडी केवढी जड, चाकाला किती चिखल, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं; दोन्ही वेळा ते सारखंच, वजाबाकीत उडून जातं. बॅलन्स्ड वायरीत हेच घडतं. बाहेरची भुणभुण दोन्ही तारांवर सारखीच चढते. सिग्नल मात्र दोन्हींवर सारखा नसतो; बहुतेकदा एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा, आणि काही यंत्रांत तर एकीवर सगळं गाणं आणि दुसरी रिकामीच. पलीकडचा ॲम्प्लिफायर एकीतून दुसरी वजा करतो. भुणभुण जाते, गाणं उरतं.

मेख पुढे आहे. दुसऱ्या तोलाच्या वेळी गाडीवान खाली उतरून तंबाखू मळत बसला तर? हिशेब फसला. इथेही दोन्ही तारांच्या वाटेतला अवरोध अगदी सारखा हवा. वजाबाकी करणाऱ्या साध्या सर्किटातले रेझिस्टर १ टक्का इकडे-तिकडे असले, तर वाईटात वाईट परिस्थितीत भुणभुण फक्त ३४ डेसिबलने घटते, म्हणजे तिचा पन्नासावा हिस्सा शिल्लक राहतो. ०.१ टक्क्याचे निवडून लावले तर ५४ डेसिबल. चांगला इनपुट ट्रान्सफॉर्मर बसवला तर ९० च्याही पुढे. तेव्हा यंत्राच्या पाठीला तीन भोकं आहेत एवढ्यावरून पोटात काय आहे ते कळत नाही. काही यंत्रांत तर कॅनन सॉकेट नुसतं मिरवायला असतं. पण पाठ बघून सोयरीक जमवणाऱ्यांना हे सांगायचं कुणी?

खानदानंही निघाली आहेत बरं दोघींची. आरसीए ही अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशनची लेक. गेल्या शतकाच्या तिशी-चाळिशीत रेकॉर्ड-प्लेअर रेडिओला जोडायला म्हणून जन्मली. हातभर अंतराचं काम, खर्च कमीत कमी, आणि कधीतरी निघणार-लागणार. पुढे ती साऱ्या जगाच्या दिवाणखान्यात नांदेल, असं तिच्या आईबापांच्याही मनात नसावं. खोड एकच. लावताना मधला खिळा आधी टेकतो, कडं नंतर. म्हणून यंत्र चालू असताना पिन घातली की स्पीकर असा ओरडतो की शेजारचे गॅलरीत येतात. कॅननचं घराणं लॉस एंजेलिसचं. जेम्स कॅनन यांनी १९१५ मध्ये काढलेली कंपनी. तिची पिन सिनेमा, रेडिओ आणि स्टुडिओत वाढली. कडी असल्याने ओढून निघत नाही. आज साउंडवाल्यांच्या पेटीत जिचं नाव जास्त दिसतं ती न्यूट्रिक, १९७५ मधली, चिमुकल्या लिश्टेनस्टाइन देशातली.

आता खरा धक्का. ही बॅलन्स्ड, जिच्यासाठी लोक कर्ज काढायच्या बेतात आहेत, ती वऱ्हाडात घरोघर होतीच! कोपऱ्यातल्या तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली. लँडलाइन! टेलिफोनच्या दोन तांब्याच्या तारा, पीळ घातलेल्या, ही बॅलन्स्ड जोडीच. ग्रॅहम बेलने पीळ घातलेल्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं, कारण शेजारच्या तारांवरचं बोलणं आपल्या तारेत घुसत होतं. अमरावतीच्या कॅम्पातला फोन दोन-चार किलोमीटर खांबांवरून, विजेच्या तारांच्या बाजूबाजूने, पावसापाण्यातून एक्स्चेंजपर्यंत जायचा आणि तरीही पुण्याच्या मावशीचं खाकरणं स्वच्छ ऐकू यायचं. त्या तारेला भाडं भरत होतो आणि बिलावरून खात्याला नावं ठेवत होतो. कुणी पाहुण्याला तिपाईमागे वाकवून दाखवलं नाही की बघा, आमच्याकडे बॅलन्स्ड आहे. उलट मोबाइल आल्यावर तीच तार उपटून भंगारात दिली आणि आता तिच्या नातीला हजारो मोजून घरात आणतोय.

आता अकोल्याचं प्रकरण. हे आम्हाला आतल्या गोटातून कळलं आहे, तेव्हा आवाज जरा खाली ठेवू. रतनलाल प्लॉटकडचे एक काका, निवृत्त, पेन्शन वेळेवर, जुन्या गाण्यांचे शौकीन. त्यांच्या स्पीकरमधून सतत एक ‘हूंऽऽ’ येई. गाणं चालू असलं की दबे, दोन गाण्यांच्या मधे डोकं वर काढी. काकांनी आधी वायर बदलली. मग जाड वायर आणली. मग कुणी तरी कान फुंकले आणि काकांनी कॅननची वायर मागवली, चांगली सोनेरी पिनांची. ॲम्प्लिफायरला मात्र कॅननचं भोकच नव्हतं! म्हणून तिच्या एका टोकाला कॅनन-टू-आरसीए ॲडॅप्टर लावला. अशा ॲडॅप्टरमध्ये बहुतेकदा तिसरी पिन पहिल्या पिनेला, म्हणजे थेट जाळीला बांधलेली असते. झालं, वजा करायला दुसरी तार उरलीच नाही. घरात बॅलन्स्डची वायर आणि तिच्यात अनबॅलन्स्डचा कारभार. वर, काही यंत्रांना आपल्या आउटपुटची एक तार अशी जमिनीला टेकवलेली मुळीच खपत नाही, हे वेगळं.

‘हूंऽऽ’ जागच्या जागी. काकूंनी मौन धरलं. मग एक दिवस केबलवाल्याचा पोरगा सेटटॉप बॉक्स बदलायला आला. त्याने टीव्हीच्या मागची केबलची काळी वायर पिळून काढली आणि घर एकदम शांत झालं. पोरगं दचकलं, आपण काय तोडलं म्हणून. त्याने वायर परत लावली, ‘हूंऽऽ’ परत. काढली, शांत. लावली, ‘हूंऽऽ’. काकांनी त्याला समोर बसवून हे सातआठदा करायला लावलं म्हणतात, आणि पोट्टं शेवटी वैतागून म्हणालं, ‘बाबूजी, मले अजून चार घरं करायचे हायेत.’

कारण साधं आहे. केबलच्या तारेची जाळी बाहेर कुठल्या तरी खांबावर जमिनीला टेकलेली. घरातल्या ॲम्प्लिफायरची जमीन वेगळी, भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमधली. दोन जमिनींत अर्ध्या-पाऊण व्होल्टचा जरी फरक पडला, तरी त्या फरकाचा प्रवाह टीव्हीतून, टीव्हीपासून आलेल्या आरसीएच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडे वाहतो. आणि आरसीएत जाळी हाच सिग्नलचा परतीचा रस्ता. वाटेत त्या प्रवाहाने जो दाब पडला, तो गाण्यात मिसळला. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला तो हूंकार हाच. सोनेरी पिनेला तो काय ऐकणार? इलाज निघाला तो ऑप्टिकल केबलचा. टीव्हीच्या मागे लाल दिवा मिणमिणणारं चौकोनी भोक असतं ना, तिथून. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही सोय; तारेतून वीज नव्हे, उजेड जातो, मग जमिनीची भानगड यायला रस्ताच राहत नाही. सोनेरी वायरीच्या किमतीत अशा ढीगभर आल्या असत्या. सोनेरी वायर काय झाली? काकूंनी तिची वाळवणाची दोरी केली, ही मात्र अफवा आहे. इतकी जाड वायर वाळवणाला चालत नाही, असं त्याच काकूंकडून कळलं.

याहून वाईट प्रकरणं आहेत, आणि तिथे आमची थट्टा संपते. गुणगुण जावी म्हणून काही बहाद्दर ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, चक्क काढून टाकतात! गुणगुण जाते, खरं आहे. पण उद्या आत फेजची तार सुटून डब्याला टेकली, तर तो डबा जिवंत होतो आणि प्रवाहाला जमिनीत जायला उरलेली वाट म्हणजे तुमचा हात. हे कुठे ऐकलंत, तर तिथल्या तिथे कान धरा. अर्थिंग काढायची नसते, सुधारायची असते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम. मे महिन्यात तीच जमीन भेगाळते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात बादलीभर पाणी ओतायची आठवण कुणालाच राहत नाही. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात ना? ती हीच तक्रार. गळतीच्या प्रवाहाला जमिनीत जायला वाट नसते, मग तो आरसीएच्या जाळीतून वाट काढतो आणि स्पीकरमधून बोलतो. तेव्हा एक बादली पाणी, वायरमनकडून एकदा तपासणी, आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर. खर्च किती? पण यात दाखवायला काही नाही ना! पाहुण्याला अंगणात नेऊन अर्थिंगचा खड्डा दाखवणारा माणूस अजून वऱ्हाडात जन्मायचा आहे.

मग लोक शपथेवर सांगतात की फरक ऐकू आला, ते खोटं बोलतात का? छे, त्यांना खरंच ऐकू येतो. त्याचीही आतली बातमी आहे. घरगुती डॅकच्या आरसीएतून साधारण २ व्होल्ट निघतात आणि त्याच डॅकच्या कॅननमधून ४. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबल जास्त. बटण जागचं न हलवता पिन बदलली की गाणं मोठं होतं, आणि मोठं गाणं माणसाच्या कानाला भरदार, मोकळं, खुलं वाटतं. मग तो डोळे मिटून ‘पडदा बाजूला झाला’ म्हणतो. पडदा नव्हे, व्होल्टेज. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका मैफिलीत, ऐकीव बातमी आहे, एका भाच्याने मामांना न सांगता दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर मोजून सारखा केला आणि चादरीआडून पिना अदलाबदल केल्या. मामांनी सलग ज्या पिनेचं कौतुक केलं ती लाल-पांढरी निघाली. मामांनी भाच्याला जेवू घातलं, रोडगे-वांग्याची भाजी पोटभर वाढली, आणि तेव्हापासून त्याला बोलावणं बंद केलं.

पोट्ट्यांची तर वेगळीच तऱ्हा. गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगच्या वसतिगृहापासून पुण्याच्या आयटी पार्कपर्यंत पांगलेली ही पिढी घरात स्पीकरच ठेवत नाही. हिची बॅलन्स्ड खिशात असते. मोबाइलला बोटाएवढा डॅक आणि त्यात ४.४ मिलिमीटरची जाड पिन, जपानच्या जेईआयटीए संस्थेने २०१६ मध्ये प्रमाण म्हणून ठरवलेली. नेहमीच्या ३.५ च्या पिनेत, जिला आपल्या दुकानांत ‘ईपी पिन’ म्हणतात, डाव्या-उजव्या कानांचा परतीचा रस्ता एकच असतो, ४.४ मध्ये दोघांचे वेगळे. ठीक. दुप्पट व्होल्टेजही मिळतं, मोठ्या, हट्टी हेडफोनला ते उपयोगी. पण भुणभुण वजा होण्याचा वेगळा फायदा इथे नाही.  आणि ज्या कानातल्या मण्याला मोबाइलचं साधं व्होल्टेजही जास्त होतं, त्याला ही पोट्टी दुप्पट पाजतात. वर कुठे बसून ऐकतात? अंबा एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये, खिडकी उघडी टाकून, समोर कुणी तरी कच्चा चिवडा कालवत असताना! एकाला विचारलं, ‘काऊन बे, काही फरक जाणवते का?’ तर म्हणाला, ‘जाणवते ना भाऊ. ह्या पिनीची चर्चाच लय होते.’ इतकं प्रामाणिक उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

या सगळ्या गदारोळात एका माणसाला कुणी विचारलं नाही. त्याच्या हाताला वर्षानुवर्षं कॅननचा वास आहे. बिछायत केंद्राचा साउंडवाला! लग्नात, गणपतीत, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्यात येतात तेव्हा, स्टेजपासून मिक्सरपर्यंत पन्नास-पन्नास मीटर वायर टाकणारा. माइकचा सिग्नल इवलासा, काही मिलिव्होल्टचा. शेजारी जनरेटर, रोषणाईचे डिमर आणि भोंग्यांच्या तारा. तिथे लाल-पांढरी वायर टाकली, तर नवरदेवाच्या मामाचं भाषण सोडून बाकी सगळं ऐकू येईल. शाळेच्या गॅदरिंगमधला तो माइक आठवा, तळाला कॅनन आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला एकेरी पी-३८ पिन, म्हणजे मोठा मोनो जॅक. अर्ध्या वाटेत बॅलन्स्डची अनबॅलन्स्ड होते आणि मुख्याध्यापकांच्या भाषणामागे भुणभुण सुरू.

या साउंडवाल्याकडे गेलो तेव्हा तो गुडघ्यावर वायर घेऊन पिनांना टाके लावत होता. एका नंबरला जाळी, दोनला हॉट, तीनला कोल्ड. न बघता, बोटांच्या सवयीने. घरातल्या बॅलन्स्डचं विचारलं तर सोल्डरिंग गन बाजूला ठेवून आधी पोटभर हसला. ‘भाऊ, एक मीटरच्या वायरीले कॅनन कायले पायजे? माही तं पन्नास मीटर पडते, अन् बाजूले जनरेटर धडधडून राह्यते. तुमच्या घरी जनरेटर हाय का सोफ्याखाली?’ मग गंभीर होऊन म्हणाला, ‘गुनगुन येत असन तं एक एक वायर काढून पाहा. जे काढल्यावर बंद झाली, तेच चोर. पैसे मंग खर्च करा.’ त्याच्या पेटीत एक लहानसा डीआय बॉक्स होता. आत ट्रान्सफॉर्मर, बाहेर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण. सिग्नलची जमीन तोडतो, विजेची नाही, त्यामुळे कुणी मरत नाही. घरच्या लोकांनी प्लगची पिन उपटण्यापूर्वी या माणसाचा नंबर घेऊन ठेवावा.

बॅलन्स्ड कुठेच नको, असं मात्र म्हणू नका हो. तीही अफवा ठरेल. वरच्या मजल्यावर यंत्र आणि खालच्या हॉलमध्ये ॲक्टिव्ह स्पीकर, अशी दहा-पंधरा मीटर वायर भिंतीतून विजेच्या पाइपाशेजारून न्यायची असेल, तर कॅननच हवी. स्पीकर-डॅक दोन्हींना तीन पिनांचे प्लग आणि दोन्हीकडे खरी बॅलन्स्ड सोय असेल, तरी लावा. एकाच घरातल्या दोन जमिनींच्या भांडणातून ती गाणं सोडवते. कॉम्प्युटर जोडत असाल, तर तिचा आधार वाटेल, कारण कॉम्प्युटरच्या पोटातला कलकलाट जाळीवाटे बाहेर पडायला टपलेला असतो. पण डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच फळीवर, मधे हातभर अंतर, आणि गाणी थांबवून कान लावला तरी स्पीकर गप्प, अशी स्थिती असेल तर दीडशे-दोनशे रुपयांची धड, घट्ट बसणारी लाल-पांढरी पुरे.

रेकॉर्डवाल्या दुसऱ्या एका मामांची फिर्याद तेवढी वेगळी आहे, आणि ती ऐकून घेण्यासारखी. तबकडीवरच्या सुईमागचं कॉइल हे मुळातच बॅलन्स्ड. दोन टोकं, दोन्ही जमिनीपासून अलिप्त. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं तर सगळं गाणं बहुतेकदा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास. घरात बॅलन्स्डवर सगळ्यांत मोठा हक्क कुणाचा असेल, तर याचा. आणि नेमकं यालाच पिढ्यान्‌पिढ्या आरसीए लावली. सोबतीला एक बारीक, एकटी जमिनीची तार दिली, जी लावायची राहिली की अख्खं घर हूंकारतं. मामांनी फोनो स्टेज (सुईचा सिग्नल मोठा करणारा डबा) बॅलन्स्ड घेतला, तर त्यांना हसू नका. त्यांच्याकडे कारण आहे. बाकीच्यांकडे नुसतं कुरिअर आहे.

आणि उन्हाळा! अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर, दारात वाळ्याच्या जाळीचा कूलर फुल स्पीडवर, त्याचा पंप गळतोय, पंखा खडखडतोय, आणि हॉलमध्ये एक गृहस्थ दोन पिनांमधल्या सूक्ष्म शांततेची तुलना करत बसलेत. हे दृश्य आम्ही एका खिडकीतून प्रत्यक्ष बघितलं. कूलर बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. बंद केला असता, तर पिनेचा फरक कळला असता का, याचं उत्तर आम्ही आधीच देऊन बसलो आहोत.

तर मंडळी, कॅनन घ्यायची तर खुशाल घ्या. कडी लागताना ‘टक्’ होतं, हाताला छान वाटतं, शौकाला मोल नसतं. त्याआधी वायरी एक एक काढून चोर शोधा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, आणि वायरीच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांत खरी बॅलन्स्ड सोय आहे का ते बघा. आणि शेजाऱ्याला दोन्ही पिना ऐकवाल, तेव्हा आवाज आधी सारखा करून घ्या. शेजाऱ्याला कान आहेत. आणि हे वऱ्हाड आहे, तेव्हा तोंडही आहे.